शार्क शब्दाचं मूळ शोधायचंय? मग असा काढा माग

शार्क हा शब्द मेक्सिकोतल्या माया लोकांच्या भाषेतनं इंग्रजीत आला असं सांगणारी पोस्ट तुमच्याकडे कधी ना कधी आलीच असणार, क्विझमध्येपण हा प्रश्न असतो आणि "माया" म्हटलं की मार्क मिळतात. गोष्ट आहेच तशी झकास. जॉन हॉकिन्स नावाचा इंग्रज दर्यावर्दी (गुलामांचा व्यापार करायचा हा माणूस, ते पोस्टवाले सहसा गाळतात) कॅरिबियनकडे गेला, त्याच्या खलाशांनी तिथे अजस्र मासा बघितला, तिथल्या लोकांच्या तोंडून नाव ऐकलं "शोक", मग १५६९ मध्ये लंडनला परत येऊन मासा लोकांना दाखवला आणि शोकचं झालं शार्क. विषय संपला.

तो संपत नाही. आणि का संपत नाही हे बघताना एखाद्या शब्दाचं मूळ घरबसल्या कसं तपासायचं तेपण कळतं, म्हणून हाच शब्द घेऊन पूर्ण पद्धत सांगतो. भाषाशास्त्राची डिग्री वगैरे लागत नाही, मोबाईल, नेट आणि थोडा संशयी स्वभाव एवढ्यावर भागतं, फक्त एक संध्याकाळ जाईल याची तयारी ठेवा कारण एका शब्दामागून दुसरा असं करत माणूस कुठल्या कुठे पोचतो.

सगळ्यात आधी दाव्याचे तुकडे करायचे. "शार्क हा मायांचा शब्द" हे वाक्य एक दिसतं पण त्याच्या पोटात चार वेगळे दावे आहेत. मायांकडे तसा शब्द आहे आणि त्याचा अर्थ शार्कच आहे, हा एक. इंग्रजांना तो ऐकायची संधी मिळाली होती, हा दुसरा. त्याआधी इंग्रजीत हा शब्द नव्हता, हा तिसरा. आणि शोकचा शार्क होणं उच्चाराच्या हिशोबाने पटण्यासारखं आहे, हा चौथा. चारही टिकले पाहिजेत, त्यातला एक जरी कोसळला तरी गोष्ट गेली. बहुतेक लोक पहिला तुकडा खरा निघाला की तिथेच खूश होतात आणि शेअर करून टाकतात.

पहिला तुकडा खरा आहे, अगदी शंभर टक्के. युकातेक माया भाषेत, म्हणजे मेक्सिकोच्या युकातान भागातल्या माया भाषेत, शोक म्हणजे शार्क. स्पॅनिश लोकांनी माया शब्द रोमन लिपीत लिहिताना "श" साठी एक्स हे अक्षर वापरलं, त्यामुळे तो शब्द लिहिलेला बघितला तर वेगळाच वाटतो, पण वाचायचा शोक. शब्द जुनापण आहे. मेक्सिकोत याश्चिलान म्हणून माया लोकांचं जुनं शहर आहे, तिथल्या एका राणीचं नाव काबाल शोक होतं. दारावर बसवलेल्या दगडी पट्ट्यांवर ती कोरलेली आहे, त्यातल्या दोन आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सगळ्यात प्रसिद्ध पट्टीवर राजा मशाल धरून उभा आहे आणि राणी गुडघ्यांवर बसून स्वतःच्या जिभेतून काट्यांची दोरी ओढतेय, देवांना रक्त वाहण्याचा विधी तो, आणि त्या प्रसंगाची तारीख येते इ.स. ७०९. म्हणजे शोक हे काही कुणी मागाहून शोधून काढलेलं नाही. १९८३ च्या एका परिषदेत टॉम जोन्स नावाच्या अभ्यासकाने शोक आणि शार्कचा हा संबंध सविस्तर मांडला तेव्हा लोकांना तो पटला यात काहीच नवल नाही.

आता दुसरा तुकडा, संधी मिळाली होती का. इथे करायचं काय तर माणूस नेमका कुठे आणि कधी होता ते बघायचं, नुसतं "अमेरिकेला गेला होता" एवढ्यावर थांबायचं नाही. हॉकिन्सची तिसरी सफर ऑक्टोबर १५६७ मध्ये प्लिमथहून निघाली. पश्चिम आफ्रिकेतनं माणसं पकडून ती कॅरिबियनमधल्या स्पॅनिश वसाहतींत विकायची असा धंदा. परतताना वादळाने मेक्सिकोच्या आखातात लोटलं, सप्टेंबर १५६८ मध्ये वेराक्रूझजवळच्या सान हुआन दे उलुआ बंदरात स्पॅनिशांबरोबर मोठी लढाई झाली, त्यात बरीच जहाजं गेली, आणि जानेवारी १५६९ मध्ये उरलेले कसेबसे घरी पोचले. पुढे गाजलेला इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकपण होता त्या सफरीत. तर वेराक्रूझ म्हणजे काही युकातेक माया लोकांचा मुलूख नव्हे, पण युकातान तिथून फार लांबपण नाही, वाटेत कुणाच्या तोंडून शब्द कानावर पडला असेल असं म्हणायला जागा आहे. या तुकड्याला पास करा, काठावर.

पण इथेच एक काम करा जे जवळपास कुणीच करत नाही, मूळ कागद शोधा. १५६९ मध्ये मासा दाखवला म्हणतात ना, तर त्याचं छापील पत्रक अजून शिल्लक आहे, आपण हँडबिल म्हणतो तसं एकपानी. त्यात लिहिलंय की हा विचित्र मासा गुरुवारी १६ जूनला कॅले आणि डोव्हरच्या मधे, म्हणजे इंग्लिश खाडीतच, बांगड्यासारखी मॅकरेल पकडणाऱ्या कोळ्यांना मिळाला. कॅरिबियन नाही, मेक्सिको नाही. हॉकिन्सची माणसं जानेवारीतच परत आली होती. आणि नावाबद्दल पत्रक काय म्हणतं? याला कुठलं ठरलेलं नाव असल्याचं मला माहीत नाही, पण कॅप्टन हॉकिन्सची काही माणसं याला शार्क म्हणतात, अशा अर्थाचं एक वाक्य आहे. बस. खलाशांनी मासा आणला, तिथल्या लोकांकडून नाव शिकले, हे सगळं नंतरच्यांनी त्या एका वाक्याला चिकटवलेलं आहे. (तारीख खरी वाटते का हेपण चेक करता येतं, जुन्या ज्युलियन कॅलेंडरने १६ जून १५६९ चा वार काढून बघा, गुरुवारच येतो. असले छोटे चेक करायची सवय लावून घ्या, मजा येते.)

तिसरा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि तपासायला सगळ्यात सोपा, त्यामुळे खरंतर सुरुवात यानेच करावी. शब्द पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडतो? मोठ्या ऑक्सफर्ड डिक्शनरीत प्रत्येक अर्थाखाली जुन्यात जुनी नोंद वर्षासकट देतात पण तिला पैसे पडतात, तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीचं लॉगिन असेल तर वापरा. फुकट हवं असेल तर मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी ऑनलाइन उघडी आहे, साधारण ११०० ते १५०० च्या काळातल्या इंग्रजीची. हॉकिन्सच्या आधीचं इंग्रजी बघायचंय म्हटल्यावर आपल्याला नेमकी हीच लागते. तिथे शार्क टाका. एकच नोंद येते, पण कसली येते! टॉमस बेकिंग्टन म्हणून राजा सहाव्या हेन्रीचा सचिव होता, त्याच्या लिखाणात हा शब्द आहे, समुद्रातल्या माशासाठी, आणि साल आहे १४४२.

कोलंबस निघाला १४९२ मध्ये. पन्नास वर्षं आधी एका इंग्रजाच्या कागदात शार्क हजर आहे, तेव्हा युरोपात कुणाला मायांचा पत्तापण नव्हता. इथे दावा मेला. शोक आणि शार्क कितीही सारखे ऐकू येऊ देत, जो शब्द आधीच घरात होता तो बाहेरून आणला असं म्हणता येत नाही.

कुणी म्हणेल एकच तर नोंद आहे, तिच्यावर एवढी भिस्त कशाला. बरोबर आहे शंका. पण त्या काळात मासे पकडणारे लिहीत नव्हते आणि लिहिणारे मासे पकडत नव्हते, त्यामुळे खलाशांच्या तोंडचा शब्द कागदावर शंभर-सव्वाशे वर्षांत एकदाच उमटला यात विशेष काही नाही. शिवाय इंग्रजीत तेव्हा या जातीच्या माशांना डॉगफिश, हाउंडफिश अशी कुत्र्यावरनं आलेली नावं होतीच, लॅटिनमध्येसुद्धा समुद्री कुत्राच म्हणत. शिकल्यासवरलेल्या माणसाची लेखणी तिकडेच वळणार.

चौथा तुकडा तसा आता बघायची गरज नाही पण बघा, कारण दुसऱ्या शब्दांना उपयोगी पडेल. शोकमध्ये र नाही, शार्कमध्ये आहे. आज लंडनचा माणूस शार्क म्हणताना र जवळजवळ गिळतो त्यामुळे आपल्याला वाटतं काय फरक पडतो, शाक आणि शोक जवळच की. पण १५६९ चा इंग्रज तो र नीट उच्चारायचा, इंग्लंडात र गिळायची पद्धत फार नंतरची. मग त्या पत्रकातल्या शार्कमध्ये र आला कुठून? लक्षात ठेवायचं ते एवढंच की दोन शब्द जुळवताना त्या काळचे उच्चार जुळवायचे, आपल्या कानाला आज कसे वाटतात ते नाही.

जुनी पुस्तकं स्वतः चाळायची असतील तर गूगल बुक्सवर दोन खड्डे आहेत. पहिला स्पेलिंगचा. त्या काळी स्पेलिंग पक्कं नव्हतं, शेवटी ई लावून, न लावून, सगळं करून शोधायचं. आणि छपाईत स हे अक्षर लांब काढायचे जे अगदी एफसारखं दिसतं, कॉम्प्युटर ते एफच वाचतो, त्यामुळे १८०० च्या आधीच्या पुस्तकात शार्क हवा असेल तर एसच्या जागी एफ टाकून "फ्हार्क" शोधा, ढिगाने सापडतात. पहिल्यांदा केलं की हसू येतं पण खरंच चालतं. दुसरा खड्डा तारखेचा. मासिकाच्या सगळ्या अंकांना पहिल्या अंकाचं साल चिकटवलेलं असतं, त्यामुळे "अरे हा तर शंभर वर्षं जुना पुरावा" असं वाटलं की आधी त्या पुस्तकाचं पहिलं पान उघडून छापलेलं साल डोळ्यांनी बघा.

बरं, माया नाही तर मग कोण? दुसरा उमेदवार जर्मन. जर्मनमध्ये शुर्के, डचमध्ये स्खुर्क, अर्थ हरामखोर, लबाड माणूस. इंग्रजीतपण लुच्च्या माणसाला शार्क म्हणतात, लोन शार्क हा शब्द तर कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सच्या बातम्यांमुळे आपल्याकडेपण रुळलाय. मग कल्पना अशी की आधी माणूस शार्क, मग त्याच्यावरनं मासा शार्क. परत तोच तारखेचा चिमटा लावा. लुच्च्या माणसासाठी शार्क इंग्रजीत दिसतो १५९० च्या दशकापासून, शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकात पहिल्याच प्रवेशात नॉर्वेच्या फोर्टिनब्रासने इकडून तिकडून गुंड गोळा केले हे सांगायला शार्क हे क्रियापद वापरलंय, म्हणजे साधारण १६०० पर्यंत ते चांगलंच चलनात होतं. पण मासा १४४२ चा. लिहिलेल्या पुराव्यात मासा दीडशे वर्षं आधीचा. याचा अर्थ माशावरनंच माणसाला नाव पडलं असंही लगेच ठोकू नका, कारण दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसायला लागले आणि मग लोकांनीच ते एक समजायला सुरुवात केली असंही होतं. डिक्शनऱ्या या जर्मन उमेदवाराला आजही "असू शकेल" या खान्यात ठेवतात आणि मूळ अनिश्चित असं लिहून मोकळ्या होतात.

हे सारखं दिसण्याचं प्रकरण समजायला मालवणात जा. तिथे मोरी म्हणजे शार्क, मोरीचं मटण ज्याने खाल्लंय त्याला सांगायला नको, आणि गोव्यात मोरीचं आंबट-तीख. पुण्याच्या वाड्यात मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. मासा मोरीत साफ करतात म्हणून त्याचं नाव मोरी, असं कुणी मालवणात म्हणून बघावं, पान वाढतील का ते सांगता येत नाही.

शेजाऱ्यांना विचारणं हीपण एक पायरी आहे. इंग्रजीचे जे भाऊबंद, जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, हे सगळे शार्कला हाय, हाई असंच काहीतरी म्हणतात, ते आलंय जुन्या नॉर्समधल्या (उत्तर युरोपातली जुनी भाषा) हाउर वरनं, आइसलँडचा तो कुजवून मुरवलेला हाउकार्ट्ल नावाचा शार्क असतो ना, त्यातपण तोच शब्द. म्हणजे शार्क हा सगळ्या कुळाचा सामायिक वारसा असता तर यांच्यापैकी कुणाकडे तरी माशासाठी तो दिसला असता. दिसत नाही. इंग्रजी यात एकटी पडते, आणि एकट्या शब्दाचं मूळ शोधणं सगळ्यात अवघड.

आता फ्रेंच. फ्रेंचमध्ये शार्कला रकँ म्हणतात आणि तिथली गोष्ट अशी की हा मासा दिसला की माणसाच्या नावाने रेक्विएम, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायची वेळ आली म्हणून ते नाव. ऐकायला भारी. पण जिथे नाव आणि स्वभाव इतका चपखल बसतो आणि गोष्टीला शेवटी टाळी पडते तिथे संशय घ्यायचा, हा माझा नियम आहे. लोक आधी शब्द वापरतात, त्याचा अर्थ लागेनासा झाला की गोष्ट रचतात. गंमत म्हणजे गोष्ट खोटी असली तरी तिचे परिणाम खरे असतात, कारण बुल शार्क वगैरे ज्या कुळात येतात त्याला इंग्रजीत आज रेक्विएम शार्क असंच म्हणतात.

स्पॅनिश तिबुरोन आणि पोर्तुगीज तुबारांव यांचं जरा वेगळं आहे. शार्क हा शब्द इंग्रजीत रुळायच्या आधी इंग्रज लेखकपण स्पॅनिशवरनं तिबुरोन लिहायचे, कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळ तिबुरोन नावाचं गावच आहे. हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतनं किंवा कॅरिब भाषेतनं आला असं बऱ्याच डिक्शनऱ्या सांगतात. तुपीवाला दावा तारखेने तपासा. पोर्तुगीज दर्यावर्दी कॅब्राल २२ एप्रिल १५०० ला ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, हाच ताफा पुढे आपल्याकडे कालिकतला आला. त्याच्याबरोबरच्या पेरो वाझ दि कामिन्याने १ मेला राजाला पत्र लिहिलं, त्यात ताफ्यातल्याच बार्तोलोमेउ दियासने एक तुबारांव मारून किनाऱ्यावर टाकला असा उल्लेख आहे. नव्या ठिकाणच्या कितीतरी गोष्टी कामिन्या फोड करून सांगतो, पण तुबारांव म्हणजे काय ते सांगत नाही, राजाला माहीत आहे असं धरूनच चालतो. किनाऱ्याला लागून दहा दिवस झालेत! तुपी लोकांकडून शब्द शिकून तो लिस्बनच्या राजाला कळेल इतका जुना व्हायला दहा दिवस पुरतील का? मला नाही वाटत. लेखक शब्द समजावून सांगतो की नुसता वापरतो, हे बघायला शिका, तारखेइतकाच मोठा पुरावा असतो तो. त्या १५६९ च्या पत्रकात बघा ना, तिथे नाव समजावून सांगावं लागतंय, म्हणजे लंडनच्या सामान्य वाचकाला शार्क हा शब्द तेव्हा ओळखीचा नव्हता, खलाशांमध्ये मात्र होता.

कधीकधी नाव का पडलं ते सांगणारी माणसंच भेटतात, तेव्हा डिक्शनरी बाजूला ठेवा. गुजरातेत वेरावळच्या बाजूला व्हेल शार्कला बॅरल म्हणायचे. दिसायला पिंपासारखा म्हणून नव्हे, तर त्याला गळ मारला की दोरीला पिंपं बांधून सोडायचे, तो ती पिंपं ओढत ओढत दमायचा, मग पकडायचा, म्हणून बॅरल. २००१ मध्ये कायद्याने ही शिकार बंद झाली, पुढे कथाकार मोरारी बापूंनी त्याला "व्हाली", म्हणजे लाडकी, माहेरपणाला येणारी लेक म्हटलं आणि आता जाळ्यात सापडला तर कोळी जाळं कापून सोडून देतात. नाव कसं पडलं, कधी बदललं, कुणी बदललं, सगळं हाताशी आहे. शंभर वर्षांनी एखादा पोरगा बॅरल शब्द बघून म्हणेल आकारावरनं पडलं असेल, आणि तेच पटेलसुद्धा सगळ्यांना.

म्हणून आपल्या मुशीचं (हेपण शार्कचंच नाव) आणि मोरीचं मूळ कुणाला शोधायचं असेल तर आत्ता शोधा. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, तिथे मुशी, मुसी, मोरी, सगळी रूपं टाकून बघा, मग टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा कोशपण तिथेच आहे, त्यात प्राकृत-संस्कृत धागा लागतो का ते बघा. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश हाताशी असेल तर उत्तमच, पण एका कोशात मिळालं म्हणून थांबू नका, दुसऱ्यात ताडून बघा. मुशी म्हटलं की संस्कृत मूषक डोक्यात येणारच, येऊ दे, कागदावर प्रश्नचिन्ह टाकून लिहा आणि पुढे चला. मग बाजारात जा. कोळणीला "मावशी, मुशी नाव का पडलं" असं विचारलंत तर ती म्हणेल घ्यायचीय का सांग आधी, त्यामुळे आधी अर्धा किलो घ्या. विचारताना सरळ उत्तराची अपेक्षा न ठेवता हे विचारा की मोठीला काय म्हणता, लहानीला काय, पिल्लाला काय, शेजारच्या बंदरात काय म्हणतात, आजी काय म्हणायची. एकच नाव बऱ्याच जातींना लावलेलं असतं त्यामुळे शक्य असेल तर माशाचा फोटो काढा, डोकं आणि पाठीवरचा पर दिसला पाहिजे, नाहीतर नंतर कुठल्या माशाचं नाव लिहून आणलंय हेच कळत नाही.

टिपण लिहिताना बंदराचं नाव, तारीख, सांगणाऱ्याचं साधारण वय, आणि शब्द जसा ऐकू आला तसा, म्हणजे मुशी की मुसी की मुशा, स्वतः सुधारणा न करता. शेवटी "मूळ" असा एक रकाना ठेवा आणि तो रिकामा राहिला तर राहू द्या, ऑक्सफर्डवाल्यांचा शार्कसमोरचा रकाना अजून भरलेला नाही.